ठाण्यातल्या उपवन तलावाजवळची कंट्री नाईट: बाबांना घेऊन दोनदा जाऊन आले

आधीच सांगते, हा रिव्ह्यू जेवणाचा कमी आणि गाण्याचा जास्त आहे. जेवणाबद्दल पण लिहिलंय पण ते खाली आहे, कारण आम्ही इथे गेलो ते अंकलना ऐकायला.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर कंट्री नाईट असते. कंट्री म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), साधे शब्द, रेल्वे, शेतं, मागे राहिलेलं घर असं सगळं. गाणारे अंकल सत्तरीच्या पुढचे, ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ख्रिस्ती), जन्म ठाण्यातला, नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून झाली आणि ड्युटी नसेल तेव्हा आयुष्यभर जिम रीव्हज या अमेरिकन गायकाची गाणी गायले, लग्नांच्या रिसेप्शनला, चर्चच्या फेटला (जत्रेला), ख्रिसमसला, ठाण्यापासून वसईपर्यंत. माझ्या बाबांनी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते चरईतल्या एका लग्नात, माझा जन्म व्हायच्या आधी, आणि तेव्हापासून आमच्या घरात 'तो रेल्वेवाला जिम रीव्हज' हे नाव आहे. मी लहान असताना मला वाटायचं की असा कोणीतरी आपला नातेवाईकच आहे जो भेटायला येत नाही. मधे तीसेक वर्षं बाबांनी त्यांना ऐकलं नव्हतं, कुठे गातात का, आहेत का, काहीच माहीत नव्हतं, आणि जुलैमधे ऑफिसच्या मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर पाठवलं, त्यावर फोटो होता, बाबांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले केस गेलेत पण हाच.

ज्यांना जिम रीव्हज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, बाबांकडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठच आहे. टेक्सासचा माणूस, जन्म २० ऑगस्ट १९२३, आधी बेसबॉल खेळायचा, मग दुखापत झाली, मग रेडिओवर अनाउन्सर झाला आणि मग गायक. स्वतः छोटं विमान चालवत होता आणि ३१ जुलै १९६४ ला नॅशव्हिलजवळ वादळात सापडून ते पडलं, वय फक्त ४०. त्याच्या मागे त्याची गाणी वर्षानुवर्षं नवीन नवीन निघत राहिली. अमेरिकेच्या बाहेर त्याचे चाहते कुठे कुठे आहेत तर नॉर्वे, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका आणि आपल्याकडे. मुंबई-ठाण्याच्या ख्रिश्चन घरांत तर त्याची १९६३ ची ख्रिसमसची एलपी डिसेंबर आला की लागणारच. बाबा तेव्हा १२-१३ वर्षांचे, शेजारच्या ख्रिश्चन कुटुंबाकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि दारात उभं राहून ऐकायचे, इंग्रजी शाळेत नुकतं सुरू झालेलं, शब्द कळायचे नाहीत पण आवाज कळायचा.

आणि तो आवाज हीच खरी गोष्ट आहे, मला ती इथे येऊन समजली. आधी रीव्हज पण बाकीच्या गायकांसारखा मोठ्या आवाजात गायचा. १९५७ मधे एका रेकॉर्डिंगला त्याने माईकला जवळजवळ ओठ लावून अगदी हळू गायचं ठरवलं, कंपनीच्या लोकांना ते पटत नव्हतं, पण निर्माता चेट अ‍ॅटकिन्स त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि त्यानंतर तो तसाच गायला. कानाशी येऊन कोणीतरी बोलतंय असं गाणं. आता हे रेकॉर्डवर जमतं, पण जिथे लोक जेवतायत, चमचे वाजतायत, वेटर फिरतायत तिथे कसं जमणार? म्हणून माझं म्हणणं असं आहे की अशा गायकासाठी जागा कशी आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि या रेस्टॉरंटबद्दल लिहायचं खरं कारण पण तेच.

ऑगस्टला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अक्षरशः रडवेली होऊन परत आले. आम्हाला टेबल मिळालं किचनच्या दाराजवळ, दार दर मिनिटाला उघडायचं आणि आतून भांड्यांचा आवाज आणि तेलाचा धूर. पहिल्या चार गाण्यांना माईक शिट्टी मारत होता. अंकल रीव्हजचं ते टेलिफोनवालं गाणं, 'हील हॅव टू गो', गायला लागले, ज्यासाठी बाबा खास आले होते, आणि बरोब्बर दुसऱ्या कडव्याला पलीकडच्या टेबलवर बर्थडेचा केक आला, त्यावर ती फुलबाजीसारखी मेणबत्ती, वेटर टाळ्या वाजवतायत, सगळे ओरडतायत. अंकल थांबले नाहीत, गात राहिले, पण बाबांना काही ऐकू येईना, त्यांना एका कानाला मशीन आहे आणि गोंगाट झाला की मशीन सगळंच मोठं करतं. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बशीकडे बघत बसले. माणशी ६०० रुपये कव्हर, म्हणजे जेवण सोडून कार्यक्रमाचे वेगळे पैसे, पैशांचं दुःख नव्हतं, पण तीस वर्षांनी माणूस ऐकायला आला आणि असं झालं याचं फार वाईट वाटलं.

जाताना मालकीणबाईंशी बोलले. भांडले नाही, बाबांचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नंबर घेतला, आणि पुढच्या आठवड्यात स्वतः फोन केला, जो मला अजिबात अपेक्षित नव्हता. म्हणाल्या तुम्ही बोललात ते आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांनी पण सांगितलंय, सप्टेंबरपासून आम्ही बदल करतोय, तुम्ही वडिलांना परत घेऊन या, पुढचं टेबल ठेवते.

बदल काय केले ते सांगते कारण बाकीच्या हॉटेलवाल्यांनी पण हे करावं असं मला मनापासून वाटतं. कार्यक्रमाचे आता दोन भाग आहेत, साधारण ४५ मिनिटांचा एकेक. भाग चालू असताना ऑर्डर घेत नाहीत आणि जेवण आणून ठेवत नाहीत, फक्त पाणी. ऑर्डर आधी चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि मधल्या अर्ध्या तासात सगळं एकदम येतं. किचनच्या दाराला जाड पडदा लावलाय आणि ते टेबलच काढून टाकलंय. केक असेल तर मध्यंतरात. आणि साऊंडसाठी वेगळा मुलगा ठेवलाय जो मागे बसून ऐकतो, आधी बहुतेक वेटरच बटणं फिरवत होता. दारात हे सगळं मराठी आणि इंग्रजीत लिहून लावलंय. एका ग्रुपला ते आवडलं नाही, आम्ही पैसे देतो तर बोलायचं पण नाही का म्हणून, त्यांना खालच्या मजल्यावर नेऊन बसवलं, कव्हर परत दिलं. मला हे एकदम बरोबर वाटलं.

आणि मग सप्टेंबरची रात्र.

अंकल स्टूलवर बसून गातात, उभं राहणं आता होत नाही म्हणाले. पांढरा शर्ट, साधी चप्पल, काउबॉय हॅट वगैरे काही नाही. बरोबर त्यांचा भाचा बेस गिटारवर, एक मुलगी व्हायोलिनवर, ही मुलगी नौपाड्यातली, लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली आणि आता फिडलच्या पद्धतीने वाजवायला शिकतेय, आणि हवाईयन गिटारवर एक काका जे पूर्वी ऑर्केस्ट्रात होते. या काकांबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. गिटार मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातला लोखंडी दांडा तारांवरून सरकवायचा, त्यामुळे सूर एकातून दुसऱ्यात घसरत जातो, जवळजवळ आपल्या मींडेसारखा. हे वाद्य निघालं हवाई बेटांवर, १९ व्या शतकाच्या शेवटी, तिथून अमेरिकेत जाऊन त्याला पुढे पेडल बसली आणि कंट्रीचा तो रडवणारा आवाज तयार झाला, आणि दुसरीकडे ते आपल्याकडे येऊन हिंदी सिनेमात आणि रेडिओवर बसलं. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की हवाईयन गिटारवर गाण्यांच्या धून लावायचे ते आठवतंय का? तेच हे. म्हणजे एकच वाद्य दोन वाटांनी फिरून उपवनला एका स्टेजवर येऊन भेटलं आणि ऑर्केस्ट्रातल्या काकांना कंट्री नवीन शिकावं लागलंच नाही, नुसता ताल बदलला. अंकल गाता गाता थांबले की काका तीच ओळ तारेवर परत म्हणायचे. माझ्या बाजूच्या बाई डोळे पुसत होत्या.

गाण्यांच्या मधे अंकल बोलतात, कधी इंग्रजी कधी मराठी, आणि त्यांचं बोलणं पण गाण्याइतकंच ऐकण्यासारखं आहे. त्यांनी जिमी रॉजर्सबद्दल सांगितलं, ज्याला कंट्रीचा बाप म्हणतात, तो स्वतः रेल्वेत ब्रेकमन (गाडीचे ब्रेक सांभाळणारा) होता, टीबी झाला, त्यात रेल्वेची नोकरी सुटली आणि तो गाण्याकडे वळला, १९२७ मधे पहिलं रेकॉर्डिंग आणि १९३३ मधे गेला, म्हणजे सहाच वर्षं मिळाली. तो योडलिंग करायचा, आवाज फोडून ते लेऽ ही हू. आणि आपल्या किशोरकुमारने योडलिंग उचललं ते याच जिमी रॉजर्सच्या आणि टेक्स मॉर्टन नावाच्या दुसऱ्या एका गायकाच्या रेकॉर्ड ऐकून असं सांगतात. अंकल म्हणाले मी गार्डच्या डब्यात एकटाच असायचो, कसारा लोकल, रात्रीची, मागे पूर्ण काळोख, तिथे मी योडलिंगचा रियाज केला, कारण घरी केलं की शेजारी विचारायचे काय झालं. मग म्हणाले, देशातली पहिली प्रवासी रेल्वे १८५३ मधे आपल्या ठाण्यालाच आली ना, मग रेल्वेची गाणी आपण नाही गायची तर कोणी गायची. त्यावर जो काही टाळ्यांचा आवाज झाला!

योडल आता पूर्वीसारखं जात नाही त्यांचं, वरचा सूर एकदा फुटला आणि एकदा लागलाच नाही. हे लिहिणं भाग आहे. पण खालचे सूर, ते रीव्हजवाले, त्यांना अजून काहीही झालेलं नाही, उलट वयाने त्यात अजून काहीतरी आलंय. शब्दन् शब्द कळतो. बाबांना कळला, मशीन असून, हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

लोक कुठून कुठून येतात ते पण बघण्यासारखं आहे. वसईहून एक जोडपं दर महिन्याला घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दोन-दोन तास घालवून येतं, त्यांच्या लग्नात अंकल गायले होते, ४१ वर्षं झाली म्हणाले. सिव्हिल हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या एक सिस्टर एकट्या येतात, कोपऱ्यात बसतात, एकही गाणं मागत नाहीत, फक्त जाताना अंकलचा हात हातात घेतात. आणि कळव्याची दोन कॉलेजची मुलं, यांना कंट्री कळलं ते अमेरिकन गायिका बियॉन्सेच्या २०२४ च्या 'काउबॉय कार्टर' अल्बममुळे, ज्याला पुढच्या वर्षी अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. मुलांनी त्यातलं काहीतरी म्हणा म्हणून सांगितलं. अंकलनी ऐकलेलं नव्हतं, त्यांनी सरळ सांगितलं मला येत नाही पण तू येऊन म्हण, मी मागे गिटार धरतो. तो मुलगा गेला की स्टेजवर, आवाज थरथरत होता पण म्हटलं त्याने पूर्ण, आणि अंकल तीन कॉर्डवर त्याला सांभाळून घेऊन गेले, डोळे सगळा वेळ त्या मुलाच्या तोंडाकडे, कुठे श्वास घेतोय ते बघत. लाईव्ह ऐकायला का जायचं हे मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

सगळ्यांनी मिळून म्हटलेलं एकच गाणं, जॉन डेन्व्हरचं ते वेस्ट व्हर्जिनियावालं, 'टेक मी होम, कंट्री रोड्स', १९७१ चं, ते तर तुम्हाला पण माहीत असणार. अंकलनी सांगितलं की ज्या जोडीने ते लिहायला घेतलं त्यांनी तेव्हा ते राज्य पाहिलेलं पण नव्हतं, शेजारच्या मेरीलँडमधल्या रस्त्यावरून गाडीने जाताना सुचलं, आणि तरी २०१४ मधे त्या राज्याने ते आपल्या अधिकृत राज्यगीतांपैकी एक करून टाकलं. मग म्हणाले आता ज्याने त्याने आपलं गाव डोळ्यासमोर आणा. बाजूच्या बाई मला हळूच म्हणाल्या माझं मुरबाड. बाबांचं संगमेश्वर. सगळा मजला गात होता, वेटर पण पडद्याजवळ उभे राहून.

आता बाबांच्या वहीबद्दल. बाबांनी शाळेत असताना रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी ऐकून ऐकून ती देवनागरीत लिहून काढली होती, कानाला जसं ऐकू आलं तसं, अर्थ माहीत नसताना. ती वही अजून आहे, कव्हरवर शाईने 'आंग्ल गीते' असं लिहिलंय. मी त्यांना न विचारता ती पिशवीत टाकून नेली होती आणि मध्यंतरात अंकल टेबलांवरून सगळ्यांना भेटत आले तेव्हा काढली. बाबांना अवघडल्यासारखं झालं. अंकलनी खुर्ची ओढली, बसले, आणि एकेक पान वाचत गेले, ओठ हलवत, मधे एकदा थांबले आणि म्हणाले ही ओळ मी पण वीस वर्षं अशीच चुकीची गायलो, रेडिओवर तशीच ऐकू यायची, खरखरीमुळे, मग कोणीतरी गाण्याचं पुस्तक आणून दिलं तेव्हा कळलं. दोघं बसून कुठला शब्द काय ऐकू यायचा ते बोलत राहिले. चरईतलं ते लग्न पण निघालं, अंकलना लग्न आठवत नव्हतं पण तो वाडा आठवत होता, अंगणातली विहीर आठवत होती. बाबांचं जेवण गार झालं.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला अंकलनी ते टेलिफोनवालं गाणं घेतलं आणि वही समोर स्टँडवर ठेवली. पहिलं कडवं नेहमीचं आणि दुसरं वहीत जसं लिहिलंय तसं, बाबांचे चुकलेले शब्द, कुठलाही खुलासा न करता, तितक्याच मनापासून. फक्त आमच्या टेबलला माहीत होतं. बाबा त्या कडव्याला पूर्ण वेळ ओठ हलवत होते. त्यांच्या चेहऱ्याबद्दल मी लिहू शकत नाही.

बरं, जेवण. किचन ईस्ट इंडियन आहे आणि हे ठाण्यात सहज मिळत नाही म्हणून सांगते. ईस्ट इंडियन म्हणजे पूर्वेकडचे नाहीत, इथलेच, मुंबई-ठाणे-वसईचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, १८८७ मधे व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी हे नाव घेतलं. त्यांचा बॉटल मसाला उन्हाळ्यात कुटतात आणि बाटल्यांत ठासून भरून वर्षभर वापरतात, त्याचं चिकन घ्याच, रंग आपल्या मालवणीसारखा पण चव वेगळी, तिखट नंतर लागतं. फुगे मागवा बरोबर, मैद्याचे आंबवलेले तळलेले गोल, आतून पोकळ. सोरपोटेल (डुकराच्या मांसाचं तिखट-आंबट कालवण) माझ्या नवऱ्याने खाल्लं, त्याला फार आवडलं. बाबांसाठी साधी कोलंबीची कढी आणि भात, ती जरा खारट होती दोन्ही वेळा. शाकाहारी लोकांसाठी फारच कमी आहे, वांग्याचं एक लोणचं आणि एक भाजी, त्यांनी यावर विचार करावा. तिघांचं कव्हर सोडून २१०० झाले.

जिना. वरचा मजला आहे आणि लिफ्ट नाही, २२ पायऱ्या, मधे वळण, कठडा एकाच बाजूला. येणारे निम्मे लोक साठीच्या वरचे आहेत तर दुसऱ्या बाजूला कठडा लावणं अगदी गरजेचं आहे, मी फोनवर पण सांगितलंय. वेटर हात धरून नेतात, चांगले आहेत सगळे, पण कठडा तो कठडा. पार्किंग शनिवारी संध्याकाळी विसरा, तलावावर फिरायला आलेल्या लोकांची गर्दी असते, वर्तकनगरहून रिक्षा करा आणि परत जाताना साडेदहाच्या आत निघा नाहीतर रिक्षा मिळत नाही. एसी पुढच्या टेबलांवर जोरात लागतो, म्हाताऱ्या माणसांसाठी शाल ठेवा.

५ पैकी साडेचार, अर्धा जिन्याचा कापला. गाण्याचे पूर्ण.

बुकिंग फोनवरच होतं, सोमवार ते गुरुवार सकाळी ११ नंतर उचलतात. ऐकायला कमी येतं अशा कोणाला घेऊन जाणार असाल तर तसं आधी सांगा, स्पीकरच्या समोर नाही तर अंकलच्या उजव्या हाताला खांबाजवळ बसवतात, तिथे आवाज स्वच्छ येतो आणि त्यांचे ओठ पण दिसतात. पुढच्या महिन्याचं खांबाजवळचं टेबल आम्ही घेतलंय, त्याच्या बाजूचं काल विचारलं तेव्हा रिकामं होतं.